मिस प्रिम हौदात पडते

अ‍ॅडलेड,
९ फेब्रुवारी १९९२

प्रिय हेस्टर आत्या,

सोबतच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात एक डिस्क आहे. ती नाकाजवळ नेऊ नकोस. आमची कंपनी थानासीच्या वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर आहे आणि खाली दिवसभर मासे नि बटाटे तळले जातात. त्यामुळे आमच्या मालाला एक वास येतो. गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो की नव्या प्लॅस्टिकला असाच वास असतो.

कंपनी म्हणजे मी आणि थानासी, दोघंच. नाताळात सगळ्यांसमोर तू विचारलंस, "काय रे फर्गस, तुमचं ते खेळण्यांचं दुकान अजून चालू आहे का?" मी हसलो, पण ते मला लागलं होतं. तर हे घे उत्तर. या कार्यक्रमाचं नाव 'मिस प्रिम'. पाढे शिकवतो. पडद्यावर एक बाई येतात, मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुचकळायचा जो लांबोडका हौद असतो ना, त्याच्यावर टाकलेल्या फळीवर उभ्या राहतात आणि विचारतात, "सात आठे किती?" खाली तीन उत्तरं. मुलाने बरोबर उत्तर निवडलं की बाई मान डोलावतात आणि बरोबरची खूण करतात. चुकलं की फळी कलंडते आणि बाई टोपीसकट हौदात!

ही कल्पना माझी. चूक मुलाची, शिक्षा बाईंना. आपल्यामुळे बिचाऱ्या बाई भिजल्या, हे पाहून मुलाच्या मनाला चुटपुट लागेल आणि पुढचं उत्तर ते जीव लावून देईल. थानासीने ते पडणं इतकं हुबेहूब काढलंय की मला अजूनही बघवत नाही. नाकातोंडातून पाणी येतं, टोपी तरंगत जाते, टोपीवर बेडूक येऊन बसतो.

प्रत्येक मुलाचे गुण डिस्कवर आपोआप नोंदले जातात. सत्र संपलं की डिस्क परत पाठव. शिक्षण खात्यातले मिस्टर पेंगेली ते गुण बघणार आहेत. त्यांच्या मनात भरलं तर आख्ख्या विभागातल्या शाळांत आमची डिस्क जाईल. चाचणीसाठी निवडलेल्या शाळांच्या यादीत तुझी शाळा मी मुद्दाम घालायला लावली. तुमची शाळा बंद करून मुलांना बसने पोर्ट हॅलमला न्यायचं घाटतंय, असं बाबा म्हणाले. पण मल्गा टँकच्या मुलांचे गुण एकदा खात्याने बघितले की कोणाची हिंमत होणार आहे?

फोनच केला असता, पण तुमच्याकडचा प्रत्येक फोन दुकानातल्या मिसेस श्लिंकच्या कानातून जातो.

तुझा,
फर्गस


मल्गा टँक,
२ मार्च १९९२

प्रिय फर्गस,

डिस्क मिळाली. मिसेस श्लिंकने पाकीट माझ्या हातात देताना विचारलं, "तुमचा भाचा कोळी झाला का?"

आता बातमी ऐक. तुमची मिस प्रिम मुलांनी डोक्यावर घेतलीय. कॉम्प्युटर ठेवलाय बुटांच्या खोलीत, कारण विजेचा चालू प्लग सबंध शाळेत तिथेच आहे. मी इकडे वर्गात धाकट्यांना अक्षरं गिरवायला लावते, तिकडे मोठ्यांची पाळी चालू असते. भिंतीपलीकडून इतका हशा येतो की काय सांगू. मधल्या सुट्टीत कोणी बाहेर जात नाही. परवा केनीला मी हाकललं, "जा, चेंडू खेळ," तर तो म्हणतो, "मिस, प्लीज, अजून एकच." तेहतीस वर्षं शिकवतेय, पण पाढ्यांसाठी "अजून एकच" म्हणणारं पोर मी पहिल्यांदाच पाहिलं. तुझ्या दुकानाची चेष्टा केली ते शब्द मी मागे घेते. हे लिहिताना मला फार बरं वाटत नाहीये, पण घेते.

शाळेचं म्हणशील तर हो, बसचं बोलणं चालू आहे. अकरा मुलांसाठी छप्पर, पंखा आणि मी, हे खात्याला परवडत नाही म्हणे. सगळ्यात धाकट्या पोराला जायला-यायला मिळून तीन तास बस. मला त्या विचाराने झोप लागत नाही, हे तुला सांगायला हरकत नाही. म्हणून तुझ्या गुणांवर माझी सगळी भिस्त आहे.

एक बारीकशी गोष्ट. मिस प्रिमची टोपी मी कुठेतरी पाहिलीय. गवती, निळ्या फितीची, मागची कड उंदराने खाल्लेली. माझी टोपी हे लिहिताना समोर खुंटीवर आहे. मी काही म्हणत नाही.

तुझी,
हेस्टर आत्या


अ‍ॅडलेड,
२१ एप्रिल

प्रिय आत्या,

डिस्क परत मिळाली. आभार. गुण उतरवून घेतलेत, पुढच्या सत्रासाठी ती पुन्हा सोबत पाठवतोय. टोपीचा योगायोग थानासीला सांगितला. तोही चकित झाला.

तू कशी आहेस? म्हणजे खरंच कशी आहेस? बाबा म्हणत होते, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. इतकी वर्षं एकटीने शाळा ओढायची म्हणजे चेष्टा नाही. माणूस दमतं. दमल्यावर थोडं इकडचं तिकडे होतं, त्यात कमीपणा काहीच नाही. मला वाटलं, वर्षअखेर तू अ‍ॅडलेडला आलीस तर? ग्लेनेल्गला समुद्रावर छोट्या खोल्या मिळतात. सकाळी फिरायला जा, संध्याकाळी आमच्याकडे जेव. शाळेचा घोर तरी कशाला आता? कधीतरी ते दुसऱ्या कोणावर सोपवायचंच आहे ना?

नुसतं मनात आलं म्हणून लिहिलं.

तुझा,
फर्गस


मल्गा टँक,
३ मे

फर्गस,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर उलगडा झाला. जिलियन तुला सोडून गेली ना?

अरे, सरळ सांगायचं. "संध्याकाळी आमच्याकडे जेव" म्हणे. स्वयंपाक कोण करणार, ते मात्र लिहिलं नाहीस. म्हाताऱ्या आत्याला समुद्राची हवा दाखवून चुलीपाशी उभी करायचा बेत आहे तुझा. लहानपणीही तू असाच होतास. जॅमची बरणी हवी असली की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचास.

माझ्या मते जिलियन चांगली मुलगी आहे, फक्त तिला माशांच्या वासाचा वैताग आला असेल. आधी शर्ट बदल, मग तिच्याकडे जा. सोबत फळांचा केक पाठवते आहे. त्यातला निम्मा तिच्यासाठी.

माझा चष्मा अगदी ठीक आहे. मी एक शाळा चालवते आणि ती वाचवायची आहे, त्यामुळे फिरायला वगैरे मला सवड नाही. गुणांचं काय झालं, ते मात्र तू लिहिलंच नाहीस. पेंगेली खूश झाले का?

हेस्टर आत्या


अ‍ॅडलेड,
१८ मे

प्रिय आत्या,

जिलियन इथेच आहे. केक तिनेच खाल्ला, निम्म्याहून जास्त. शर्टाबद्दल ती तुझ्याशी सहमत आहे.

आता सांगतोच, लपवून काही उपयोग नाही. तुझ्या मुलांना जवळजवळ शून्य गुण आहेत. मी डिस्क तीनदा तपासली, मला वाटलं मशीनचीच काहीतरी गडबड आहे. पण नाही. मार्नी शुल्झ, जिच्या हुशारीचं तू इतकं कौतुक करतेस, तिला एकही उत्तर आलेलं नाही. केनीचं तेच. सगळ्यात वर कोण, तर डॅरिल, आणि त्यालाही पास म्हणता येणार नाही. उलट पोर्ट हॅलमच्या मुलांना शंभरात नव्वद.

मला वाटलं, तू थकलीस. माफ कर, पण तसंच वाटलं. म्हणून ते समुद्राचं पत्र लिहिलं.

वाईट हे की पेंगेलींनी आकडे पाहिले आणि मल्गा टँकच्या नावापुढे 'अतिशय कच्ची शाळा' असं लिहिलं. "अशा ठिकाणी मुलांना ठेवणं म्हणजे अन्यायच की," असं म्हणाले. कार्यक्रम मात्र त्यांना फार आवडला. ते म्हणतात की कुठली शाळा कच्ची आहे हे इतक्या चटकन दाखवणारं दुसरं काही त्यांनी पाहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये खरेदीच्या करारावर सही होईल. मला आनंद व्हायला हवा होता. होत नाहीये.

तुझा,
फर्गस


मल्गा टँक,
२९ मे

फर्गस,

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तुला फार कडक उत्तर लिहिलं आणि शेगडीत टाकलं. मग विचार केला, आधी बघू तरी.

दुसऱ्या दिवशी धाकट्यांना चित्रं काढायला बसवलं आणि बुटांच्या खोलीचं दार किलकिलं करून उभी राहिले. मशीनवर केनी होता, मागे सगळे घोळका करून. मिस प्रिमने विचारलं, "सात आठे किती?" केनीचं बोट छप्पन्नकडे निघालं, तोच मार्नी किंचाळली, "ए वेड्या, छप्पन्नला हात लावू नकोस! ते बरोबर आहे! बाई कोरडी राहील ना!"

केनीने चोपन्न दाबलं. बाई हौदात. पोरं एकमेकांच्या अंगावर लोळली. बेडूक आला तेव्हा तर एकाने जमिनीवर गडाबडा लोळण घेतली.

त्यांचा नियम असा आहे, नीट वाच. बाई एकदा जरी कोरडी राहिली तर पाळी गेली. म्हणजे प्रत्येक वेळी चुकायला हवं. आणि प्रत्येक वेळी चुकायचं तर बरोबर उत्तर कुठलं ते आधी ठाऊक हवं! डोळे मिटून दाबत सुटलं तरी तिनांतलं एखादं बरोबर लागतंच. एकही बरोबर येऊ न देणं ही काय सोपी गोष्ट आहे? मार्नी ती सबंध सत्रभर करतेय. बिचाऱ्या डॅरिलचे पाढे कच्चे आहेत, म्हणून त्याचं मधूनमधून चुकून बरोबर येतं आणि तो रडत बाहेर जातो. तोच तुमच्या कागदावर पहिला!

पोर्ट हॅलमचं कोडं सोपं आहे. तिथलं मशीन मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशेजारी आहे. तिथे हसायची कोणाची छाती आहे?

फर्गस, तू आणि तो थानासी दोघेही शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मुलं होतात. मला आठवतं, एकदा तुझा एक भागाकार चुकला तर तू दोन दिवस जेवला नाहीस. चुकलं की मुलांना लाज वाटते, हे तुम्ही तुमच्यावरून ठरवलंत. बाई पाण्यात पडलेली बघून ज्याला वाईट वाटेल असं पोर या दोनशे मैलांत सापडणार नाही. आणि पडद्यावरच्या बाईच्या डोक्यावर त्यांच्याच बाईची टोपी आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मला मार्नीने सांगितलं. अगदी सहज सांगितलं.

मला राग नाही. खरं सांगू, दाराआड मीही हसले.

आता एकच काम कर. पेंगेलींना जाऊन हे सगळं सांग. मी सांगितलं तर शाळा वाचवायला म्हातारी काहीतरी रचून सांगतेय असं वाटेल. कार्यक्रम करणाऱ्याने सांगितलं तर ऐकतील. उशीर करू नकोस.

हेस्टर आत्या


अ‍ॅडलेड,
१७ जुलै

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं. तुझं पत्र थानासीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण जगातली पहिली अशी परीक्षा काढली की ज्यात ढ मुलगा पहिला येतो." त्याचे वडील खालून ओरडले, "मग विका की! गिऱ्हाइकं पुष्कळ मिळतील!"

असो. चूक आम्ही दुरुस्त केलीय. सोबत नवी डिस्क आहे; जुनी परत पाठव. आता चुकीच्या उत्तराला काहीच होत नाही. फळी हलत नाही, पाणी नाही, बेडूक नाही. मिस प्रिम नुसत्या "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतात. टोपीही बदलली. आता मुलं मुकाट्याने बरोबर उत्तरं देतील, पुढच्या सत्रात गुण चढलेले दिसतील आणि पेंगेलींचं मत आपोआप बदलेल. मग जुनं उकरून काढायची गरजच काय?

आणि आत्या, तूच विचार कर. सही ऑगस्टमध्ये आहे. आत्ता मी जाऊन म्हणालो की आमच्या कार्यक्रमाचे गुण खरे नाहीत, तर संपलंच सगळं. थानासीने दोन वर्षं या कामाला दिलीत. एकदा सही होऊ दे, मी स्वतः सांगेन. शब्द देतो.

तुझा,
फर्गस


मल्गा टँक,
३० जुलै

फर्गस,

नवी डिस्क लावली. केनीने एक उत्तर चुकवलं, वाट पाहिली, मशीनच्या मागे जाऊन वायर हलवली, मग विचारलं, "मिस, ही बाई मेली का?" तेव्हापासून मशीनकडे कोणी फिरकत नाही. सगळे मधल्या सुट्टीत चेंडू खेळतात. पाढे विसरायला लागलेत. गुण चढतील म्हणतोस, पण ते चढायला मुलं मशीनसमोर बसायला हवीत ना.

सही झाल्यावर सांगेन म्हणतोस. मुलांची नावं बसच्या यादीत चढल्यावर तुझ्या सांगण्याचं मी काय करू?

तुझ्या अडचणी मला समजतात. पण मी तुला पुन्हा विचारणार नाही.

हेस्टर


अ‍ॅडलेड,
१२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राच्या शेवटी नुसतं 'हेस्टर' लिहिलेलं होतं. आजवर तू मला असं कधी लिहिलं नव्हतंस. ते कोऱ्या जागेसारखं डोळ्यांपुढे राहिलं आणि मला माझी लाज वाटली. थानासीला म्हणालो, "मी जाऊन सांगतो." तो म्हणाला, "मला वाटलं, तू हे कधी म्हणणारच नाहीस. चल, दोघं जाऊ."

सहीचाच दिवस होता. टेबलावर कागद, पेन, बिस्किटं. मी सगळं सांगितलं, मार्नीच्या किंचाळण्यासकट. पेंगेली सौम्यपणे हसले आणि म्हणाले, "तुमच्या आत्यांचं मन मी समजू शकतो. पण शून्य गुण हे काही कौशल्य नव्हे. ते कोणालाही मिळतील."

थानासीने जुनी डिस्क खिशातून काढली आणि त्यांच्या मशीनला लावली. "मग मिळवून दाखवा, सर. बाई एकदाही कोरडी राहता कामा नये."

आत्या, तू असायला हवी होतीस. पहिल्या काही प्रश्नांना ते ऐटीत चुकले. बाई पडली तेव्हा हसलेही, लहान मुलासारखे. मग बारा-तेराच्या पाढ्यांत अडखळले. मिस प्रिमने विचारलं, "तेरा सक्के?" ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर तर नक्कीच नाही," आणि अठ्ठ्याहत्तर दाबलं. बाईने मान डोलावली. पेंगेलींचा चेहरा जसा झाला, तसाच डॅरिलचा होत असणार. पुढे आणखी काही वेळा बाई कोरडी राहिली. टायपिस्ट दारात येऊन उभी होती, तिने तोंडावर रुमाल धरला.

त्यांनी मशीन बंद केलं आणि खूप वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमचं म्हणणं पटलं. मल्गा टँकची मुलं हुशार आहेत. पण हुशार मुलांना शून्य देणारा कार्यक्रम खातं विकत घेऊ शकत नाही, हे तुम्हालाही पटेल." कागद त्यांनी खणात टाकले.

मी म्हणालो, "हरकत नाही. पण शाळेचा शेरा तेवढा खोडा."

"खोडतो की," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे खोडला. मला इतकं हलकं वाटलं! मी विचारलं, "म्हणजे शाळा राहील?"

तेव्हा ते गोंधळले. "शाळा? तिचा यात काय संबंध? बसचा ठराव गेल्या नाताळाआधीच झाला. रस्ता ठरला, ड्रायव्हरही ठरला. शाळा बंद करताना पालकांना काही कारण द्यावं लागतं. तुमचे गुण आले म्हणून आम्हाला जरा सोपं गेलं, इतकंच. आता दुसरं काहीतरी कारण लिहू."

म्हणजे मी फेब्रुवारीत तुला ते फुशारकीचं पत्र लिहिलं तेव्हाच सगळं झालेलं होतं. मी गप्प बसलो असतो तरी शाळा गेली असती आणि बोललो तरी गेली. माझ्या हातून त्यांना फक्त एक आयतं कारण मिळालं. इतकं वाईट मला आजवर कशाचं वाटलं नाही, आत्या. मला माफ कर.

थानासी सध्या दुपारचा खाली मासे तळतो. वर मी एकटा असतो. वास आता नुसत्या मालाला नाही, माझ्या अंगालाही येतो. जिलियन अजून आहे.

तुझा,
फर्गस


मल्गा टँक,
१९ डिसेंबर

प्रिय फर्गस,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण आधी रडून घ्यायचं होतं, मग परीक्षा होत्या, मग गव्हाची कापणी. एक गोष्ट आधी लिहून टाकते म्हणजे तुझ्या जिवाचा घोर जाईल. त्या खोलीत तुम्ही दोघं जे बोललात, त्याने शाळा वाचली नाही. पण तो शेरा खोडला गेला. माझी मुलं पोर्ट हॅलमला 'अतिशय कच्ची' म्हणून गेली असती, आता नुसती मुलं म्हणून जातील. मला त्याचं मोल किती आहे ते तुला कळायला तू शाळेतली बाई व्हायला हवास. माफीबिफीचं नाव काढू नकोस.

काल शाळेचा शेवटचा दिवस होता. भाषणं नकोत असं मी बजावलं होतं. मुलांना विचारलं, "शेवटचं काय करू या?" मार्नी म्हणाली, "मिस, जुनी मिस प्रिम." मी म्हटलं, "ती डिस्क अ‍ॅडलेडला आहे." तिने माझ्याकडे बघितलं, मग खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं.

मार्नीच्या वडिलांच्या मळ्यावर मेंढ्यांचा जुना हौद आहे, बरीच वर्षं न वापरलेला. बापलोकांनी तो दोन दिवस घासला, टाकीचं स्वच्छ पाणी सोडलं, वर फळी टाकली आणि फळीला दोर बांधला. मी टोपी घालून फळीवर बसले. डिसेंबरचं ऊन असं की पत्र्यावर अंडं शिजावं. आख्खं गाव कठड्यावर. मिसेस श्लिंकने दुकान बंद केलं. मी ते उघडंच पाहत आलेय, अगदी त्यांचे यजमान गेले त्या दिवशीही.

मी म्हटलं, "नियम एकच, आणि तो उलटा आहे. मी विचारीन. उत्तर बरोबर आलं तर मी पडेन. चुकलं तर मी कोरडी."

तेवढं पुरे झालं, फर्गस. तुम्ही दोघं विद्यापीठात शिकलात, दोन वर्षं माळ्यावर बसलात आणि फळी चुकीच्या बाजूला बांधलीत. ती फक्त फिरवायची होती. थानासीला म्हणावं तळणी खाली ठेव आणि हे करून टाक. बेडूक परत घाला. टोपीसुद्धा.

मी पडले, वर आले, पुन्हा बसले, पुन्हा पडले. मार्नीने तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. नाकातोंडात पाणी गेलं आणि मी हसत होते. केनी हसून हसून कठड्यावरून हौदात पडला आणि भिजायचा मान फुकट मिळवून गेला. शेवटी डॅरिल आला. मी म्हटलं, "सात आठे किती?" एरवी त्याला सोपं विचारते, पण काल नाही विचारलं. मार्नीचे ओठ घट्ट मिटलेले, पण तिने सांगितलं नाही. तो बोटांवर काहीतरी पुटपुटत राहिला. मला फळीवर बसल्याबसल्या देवाची आठवण झाली. मग तो हळूच म्हणाला, "छप्पन्न?"

मी दोराची वाटही पाहिली नाही. स्वतःच उडी मारली.

वर आले तर पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती. एकाही मुलाचं एकही उत्तर चुकलं नाही. अकराच्या अकरा. खात्याचा माणूस शाळेची किल्ली न्यायला आला होता, तो सगळा वेळ गाडीतच बसून होता, काच वर करून, अंगावर शिंतोडे येतील म्हणून. मी तशीच निथळत गेले आणि काच ठोठावली. त्याने बोटभर काच खाली केली. मी ओली किल्ली त्या फटीतून आत सोडली.

त्याने विचारलं, "तिकडे काय चाललंय?"

मी म्हटलं, "परीक्षा."

तुझी,
हेस्टर आत्या